घर जांबोटीच्या पलीकडे आणि भावाला दर चौदा दिवसांनी अडालिमुमॅब: सुरुवातीआधी काय पाहावे?

म्हादईकाठ

सर्वांना नमस्कार. आमचे गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे जंगलपट्ट्यात आहे. माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा असून तो बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डिंगचे काम करतो. आठवडाभर तो तिथेच खोलीवर राहतो आणि सुटीला घरी येतो. गेली चार वर्षे पहाटे त्याची कंबर इतकी आखडते की अंथरुणातून उठण्यासाठी आधी कुशीवर वळून भिंतीचा आधार घ्यावा लागतो. काम सुरू झाले की तास-दीड तासाने अंग मोकळे होते आणि विसावा घेतला की पुन्हा ताठरते. ओझी उचलणाऱ्या माणसाची कंबर दुखायचीच, असे समजून आम्ही तीन वर्षे तेल, लेप आणि पट्टा यांत घालवली, याचे मला आज फार वाईट वाटते. मागच्या पावसाळ्यात त्याचा उजवा डोळा लाल झाला आणि उजेड सहन होईना, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनीच त्याला कंबरेविषयी विचारले आणि संधिवाततज्ज्ञांकडे पाठवले. एचएलए-बी२७ ही या आजाराशी जोडलेली रक्तातील खूण पॉझिटिव्ह आली, एमआरआयमध्ये कमरेखालच्या दोन्ही सांध्यांत सूज दिसली आणि अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्यांचा सुजेचा संधिवात, असे निदान झाले.

दोन वेगवेगळी दाहशामक औषधे पूर्ण मात्रेत घेऊनही आखडणे कमी झाले नाही आणि रक्तातील सूज दाखवणारा सीआरपीही उतरला नाही. म्हणून डॉक्टरांनी आता अडालिमुमॅब या सूज रोखणाऱ्या औषधाचे ४० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर चौदा दिवसांनी सुचवले आहे. त्याआधी केलेल्या मॅन्टू या क्षयरोगासाठीच्या त्वचेवरील चाचणीत १४ मिलिमीटर सूज आली, छातीचा एक्स-रे मात्र स्वच्छ आहे. सहा वर्षांपूर्वी आमच्या काकांना याच घरात क्षयरोग झाला होता आणि ते औषधांनी पूर्ण बरे झाले. डॉक्टरांनी भावाला आयसोनियाझिड या क्षयरोग-प्रतिबंधक औषधाच्या गोळ्या सहा महिन्यांसाठी दिल्या असून किमान एक महिना त्या घेतल्यानंतरच इंजेक्शन सुरू करू, असे सांगितले आहे.

आईला हे पटत नाही. जे औषध झोपलेला टीबी जागा करते, ते आपण पैसे मोजून का टोचून घ्यायचे, असे ती विचारते आणि मला तिला नीट उत्तर देता येत नाही. दुसरी काळजी अशी की पावसाळ्यात आमच्याकडे झाड पडून वीज गेली की कधी कधी दोन दिवस येत नाही. मग फ्रिजमध्ये ठेवायचे हे औषध टिकणार कसे? आणि एकदा सुरू केले की ते जन्मभर घ्यावे लागते का? घरात कोणी हे इंजेक्शन घेतलेले असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

निपाणीची लेक

ताई, मला आमवात आहे आणि मी सहा वर्षे हेच इंजेक्शन घेत आहे. सोबत आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे दुसरे औषध असते. आधी औषधाविषयी थोडे सांगते, कारण सुरुवातीला मलाही ते काहीतरी अघोरी आहे असे वाटले होते. आपल्या शरीरात सूज पेटवणारा टीएनएफ नावाचा एक रेणू असतो. या आजारांत तो गरजेपेक्षा जास्त तयार होतो, आणि अडालिमुमॅब ही त्याला पकडून निष्क्रिय करणारी, प्रयोगशाळेत पेशींमध्ये वाढवलेली प्रथिनाची प्रतिपिंडे आहेत. प्रथिन असल्यामुळे ते गोळीतून देता येत नाही, कारण पोटात ते अन्नासारखे पचून जाईल. हे औषध अमेरिकेत २००२ च्या अखेरीस मान्य झाले आणि भारतात त्याची पहिली समरूप आवृत्ती (मूळ औषधासारखेच, दुसऱ्या कंपनीने बनवलेले औषध) २०१४ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आली. आमच्यासारख्यांना ते परवडण्याच्या थोडे जवळ आले ते तेव्हापासून. आज अनेक कंपन्यांची अशी औषधे मिळतात आणि त्यांच्या किमतींत बराच फरक असतो, म्हणून निपाणी, बेळगाव आणि कोल्हापूर अशा तिन्ही ठिकाणी विचारूनच घ्यावे. बऱ्याच कंपन्यांची रुग्ण-साहाय्य योजना असते, तिचा अर्ज डॉक्टरांमार्फत भरला जातो. हे आपणहून कोणी सांगत नाही, आपणच विचारावे लागते.

आता साठवणीविषयी लिहिते, कारण यात माझे स्वतःचे नुकसान झाले आहे. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वीज गेल्यावर औषध गरम होईल या भीतीने मी दुसऱ्याच वर्षी दोन सिरिंज फ्रिजच्या अगदी मागच्या भिंतीला, बर्फाच्या कप्प्याखाली ठेवल्या आणि त्या गोठल्या. गोठलेले औषध वितळून पूर्ववत दिसले तरी वापरायचे नसते, त्यामुळे महिन्याभराचे पैसे पाण्यात गेले. दुसऱ्या वेळी एका दुकानाने औषध साध्या कॅरीबॅगमध्ये घालून हातात दिले. मे महिन्याच्या उन्हात ते किती तास बाहेर होते हे कोणीच सांगू शकले नाही, म्हणून मी ते परत केले. तेव्हापासून मी स्वतःचा थर्मास घेऊन जाते. त्यात जेलच्या थंड पिशव्या ठेवते आणि सिरिंजची पेटी टॉवेलात गुंडाळून ठेवते, म्हणजे बर्फ तिला थेट लागत नाही. फ्रिजमध्ये मधल्या फळीवर एक छोटा तापमापक कायम असतो.

वीज गेल्यावर घाबरून जाऊ नये. फ्रिजचे दार बंद ठेवले तर आतला गारवा काही तास टिकतो. मूळ औषधाच्या माहितीपत्रकात तर २५ अंशांपर्यंतच्या तापमानात, उजेडापासून दूर, जास्तीत जास्त चौदा दिवस ते चालते असे दिले आहे. मात्र ही मुदत प्रत्येक कंपनीच्या औषधाला सारखी नसते, म्हणून आपल्या पेटीतला कागद वाचूनच ठरवावे. तो कागद इंग्रजीत असतो आणि दवाखान्यातले संमतिपत्र बहुधा कन्नड व इंग्रजीत असते. सही करण्यापूर्वी मराठीत समजावून सांगा असे मी स्पष्ट म्हणते आणि आजवर कोणी नकार दिलेला नाही.

टोचण्याची भीती पहिल्या दोन वेळा वाटते. फ्रिजमधून काढून अर्धा तास सिरिंज बाहेर तशीच ठेवावी, गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवू नये, हलवू नये. मांडीचा पुढचा भाग किंवा पोट, पण बेंबीपासून दोन इंच सोडून, आणि दर वेळी जागा बदलून. काही औषधांत सायट्रेट नावाचा क्षार असतो, ती झोंबतात. सायट्रेट नसलेली फारशी झोंबत नाहीत. वापरलेली सुई उकिरड्यावर टाकू नका, जाड प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यात जमवून दवाखान्यात द्या.

निवृत्त परिचारिका

मी बेळगावात तीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे क्षयरोगाच्या रुग्णांजवळ गेली. आईंचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याला पूर्ण उत्तर मिळालेच पाहिजे.

क्षयरोगाचे जंतू शरीरात शिरले तरी बहुतेकांना आजार होत नाही. शरीरातील पेशी त्या जंतूंभोवती गोळा होऊन एक गाठ तयार करतात आणि जंतूंना तिच्यात वर्षानुवर्षे कोंडून ठेवतात. ही गाठ घट्ट ठेवण्याचे काम ज्या रेणूंकडे असते त्यांत टीएनएफ महत्त्वाचा आहे. म्हणजे जो रेणू आपल्या भावाच्या मणक्यात आग लावतो आहे, तोच त्याच्या छातीत, असलाच तर, टीबीला कोंडून बसला आहे. औषधाने तो अडवला की कंबर सैल होते आणि गाठही सैल होऊ शकते. हे २००१ मध्ये जगासमोर स्पष्टपणे आले. याच गटातील इन्फ्लिक्सिमॅब हे औषध घेतलेल्या ७० जणांना क्षयरोग झाल्याची नोंद तेव्हा प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४८ जणांना तो पहिल्या तीन मात्रांच्या आतच झाला होता आणि ४० जणांत तो फुप्फुसांबाहेर होता. खोकला नाही म्हणजे टीबी नाही, हा आपल्याकडचा समज या औषधावर असलेल्या माणसाला लागू पडत नाही. आठवडाभराहून जास्त रेंगाळणारा ताप, रात्री घाम, वजन उतरणे, मानेत किंवा काखेत गाठ, पोटात पाणी यांपैकी काहीही दिसले तर पुढचे इंजेक्शन न घेता आधी डॉक्टरांकडे जायचे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

परंतु त्या अनुभवातूनच आजची पद्धत तयार झाली. तीत आधी चाचणी होते, आत टीबी दडलेला असल्याची खूण सापडली तर प्रतिबंधक गोळ्या देतात, आणि त्यांचा किमान एक महिना झाल्यावर इंजेक्शन सुरू होते. आपल्या डॉक्टरांनी नेमके हेच केले आहे. या औषधांच्या आधी ५ मिलिमीटर सूज आली तरी मॅन्टू पॉझिटिव्ह धरतात. भावाची १४ आहे आणि घरात रुग्णही होऊन गेला आहे, त्यामुळे गोळ्या टाळण्याचा प्रश्नच नाही. लहानपणी दिलेल्या बीसीजीमुळे मॅन्टू कधी कधी फुगते हे खरे आणि त्यासाठी इग्रा नावाची रक्तचाचणी असते, पण आपल्या घरचा इतिहास पाहता इग्रा निगेटिव्ह आली असती तरी मी गोळ्याच घ्या म्हटले असते.

आईंना असे सांगा की चाचणी न करता हे औषध देणाऱ्याची भीती बाळगावी, चाचणी करून गोळ्या देणाऱ्याची नाही. आणि न घेण्याचीही एक किंमत आहे. या आजारात सुजेच्या जागी हळूहळू हाड तयार होते आणि मणके एकमेकांना जोडले जाऊ शकतात, आणि एकदा जोडलेला मणका कोणत्याही इंजेक्शनाने सुटत नाही. वयाच्या चाळिशीत मान वर करून समोरच्याचा चेहरा पाहता न येणारे रुग्ण मी पाहिले आहेत. ते सगळे या औषधांच्या आधीच्या काळातले होते.

गोळ्यांविषयी थोडे. आयसोनियाझिड रोज, सहसा बी-६ जीवनसत्त्वासोबत, सहा महिने. बरे वाटते म्हणून मधेच सोडायच्या नाहीत आणि इंजेक्शन सुरू झाले म्हणूनही सोडायच्या नाहीत. या काळात मद्य पूर्ण बंद असावे, कारण दोन्हींचा भार यकृतावर पडतो; उलट्या, अन्नावरची वासना उडणे, लघवी गडद होणे किंवा डोळे पिवळे दिसणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी गोळी थांबवून दाखवा. या इंजेक्शनाआधी द्यायचे क्षयरोग-प्रतिबंधक उपचार राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत समाविष्ट आहेत, त्यामुळे सरकारी क्षयरोग केंद्रात त्या गोळ्यांची चौकशी अवश्य करा. बाहेरून विकत घेण्यापेक्षा तिथे नोंद झाली तर पाठपुरावाही होतो.

आणि एक गोष्ट आपण लिहिता लिहिता सहज सांगून गेलात, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. भाऊ फाउंड्रीत मोल्डिंग करतो, म्हणजे साच्याच्या वाळूची धूळ त्याच्या श्वासात जात असणार. त्या वाळूतील सिलिकाने फुप्फुसांवर व्रण येतात आणि अशा फुप्फुसांत क्षयरोगाचा धोका आपोआप वाढतो, इंजेक्शन असो वा नसो. तो नेमके कोणते काम करतो हे संधिवाततज्ज्ञांना सांगितले आहे का? नसेल तर एक्स-रे घेऊन पुन्हा जा आणि सांगा. खाते बदलून मिळाले तर उत्तम. तोपर्यंत रुमाल नव्हे, धुळीसाठीचा खरा मास्क वापरावा. विडी-सिगारेट असेल तर तीही सुटली पाहिजे, कारण धूम्रपानाने याच आजारात मणक्यांचे नुकसान वाढते.

वडगावचा मागवाला

मी यंत्रमागावर काम करतो. मला सोरायसिस होता, कोपर, गुडघे आणि डोक्यावर जाड चट्टे आणि पुढे बोटांच्या सांध्यांना सूज. जन्मभर घ्यावे लागते का, या आपल्या तिसऱ्या प्रश्नाला मी माझ्या चुकीतून उत्तर देतो.

मलाही अडालिमुमॅबच दिले होते. चार महिन्यांत कातडी इतकी स्वच्छ झाली की मी अर्ध्या बाह्यांचा सदरा घालू लागलो, जो दहा वर्षांत घातला नव्हता. त्या वर्षी मागाला काम कमी होते आणि घरात बहिणीचे लग्न होते, म्हणून डॉक्टरांना न सांगता मी इंजेक्शन बंद केले. सहा महिन्यांत सगळे परत आले. पुन्हा सुरू केले तेव्हा पहिल्यासारखा गुण आला नाही. डॉक्टरांनी समजावले की औषध मधे मधे बंद-चालू केले की शरीर त्याला परके समजून त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडे तयार करू शकते. वर निपाणीच्या ताईंनी सोबत मेथोट्रेक्सेट असते असे लिहिले आहे, त्याचे एक कारण हेही आहे की त्यामुळे अशी प्रतिपिंडे कमी तयार होतात. मी तेही पोट बिघडते म्हणून सोडले होते.

शेवटी औषध बदलावे लागले. आता मी सेक्युकिनुमॅब घेतो. ते टीएनएफला नव्हे तर आयएल-१७ नावाच्या दुसऱ्या रेणूला अडवते. सुरुवातीला आठवड्याला एक अशा पाच मात्रा आणि नंतर महिन्यातून एकदा. सध्या त्वचा स्वच्छ आहे. जन्मभर म्हणजे काय ते मला असे सांगण्यात आले: आजार बराच काळ शांत राहिला तर डॉक्टर दोन मात्रांमधले दिवस वाढवून पाहतात, एकदम बंद करत नाहीत. हे मला आधी कळले असते तर मी पैशांची अडचण त्यांना मोकळेपणाने सांगितली असती.

म्हादईकाठ

तिघांचेही मनापासून आभार. रात्री जेवणानंतर मी हे सगळे आईला मोठ्याने वाचून दाखवले. गाठ घट्ट धरून ठेवणारा आणि आग लावणारा रेणू एकच, हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग तिने वडगावच्या दादांचे उत्तर पुन्हा वाचायला लावले आणि विचारले की तसे असेल तर टीएनएफला हात न लावणारे ते दुसरे इंजेक्शनच पहिल्यापासून का देत नाहीत. मलाही तो प्रश्न रास्त वाटला. भावाने मोल्डिंगचे काम डॉक्टरांना सांगितले नव्हते, फक्त कारखान्यात आहे एवढेच सांगितले होते. या शनिवारी तो एक्स-रे घेऊन जाणार आहे.

निवृत्त परिचारिका

आईंचा प्रश्न डॉक्टरांसमोर याच शब्दांत ठेवा. आयएल-१७ अडवणाऱ्या औषधांनी दडलेला क्षयरोग जागा होण्याचा धोका बराच कमी दिसतो हे खरे आहे, आणि ती याच आजारासाठी मान्यही आहेत, तरी चाचणी त्यांच्याआधीही करतातच. पण भावाचा डोळा विसरू नका. त्याला झालेला तो त्रास म्हणजे बहुधा डोळ्याच्या आतली सूज, युव्हायटिस, असणार. अडालिमुमॅबने ती पुन्हा पुन्हा येणे कमी होते. सेक्युकिनुमॅबचा डोळ्यासाठी तसा भरवसा नाही, आणि एटानरसेप्ट हे टीएनएफ अडवणारेच असूनही डोळ्याच्या बाबतीत कमी पडते. डॉक्टरांनी नेमके हेच औषध निवडले त्यामागे हे कारण असावे असे मला वाटते. भावाला जुना अतिसार, पोटात मुरडा किंवा शौचातून रक्त असे काही असेल तर तेही सांगा, कारण आतड्याच्या सुजेत आयएल-१७ ची औषधे चालत नाहीत. सिलिकाची गोष्ट कळल्यावर डॉक्टर कदाचित पुन्हा विचार करतील किंवा छातीचा सीटी स्कॅन सांगतील. तो निर्णय त्यांचा.

आपल्या विजेच्या अडचणीला माझ्या मते सर्वांत सोपा उपाय असा आहे की औषध गावी न्यायचेच नाही. भाऊ आठवडाभर बेळगावातच असतो. दर दुसऱ्या शनिवारी काम सुटल्यावर ज्या दुकानात फ्रिज आणि त्याची तापमान-नोंद आहे तिथून एकच सिरिंज घ्यावी, क्लिनिकमध्ये टोचून घ्यावी आणि मग गावची बस धरावी. तारखा आताच दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. एखादी चुकली तर आठवण होईल त्या दिवशी घ्यावी आणि पुढची ठरलेल्या तारखेलाच. दोन एकदम घ्यायच्या नाहीत. बारा आठवडे झाले की डॉक्टर गुण किती आला ते मोजतील, त्याआधी लागू पडत नाही असे ठरवू नका. रोजचा व्यायाम मात्र इंजेक्शन सुरू झाल्यावरही सुटता कामा नये.

हा गोळ्यांचा महिना लसींसाठी वापरा. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोकॉकसची (न्यूमोनियाच्या जंतूची) लस इंजेक्शन सुरू होण्याआधी घेतलेली बरी. कांजिण्या किंवा गोवर-गालगुंड-रुबेला यांसारख्या जिवंत लसी नंतर चालत नाहीत, म्हणून त्यांची गरज आहे का ते आताच विचारा. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी झाली आहे ना, तेही कागदांत पाहा. आपल्या प्रश्नात तिचा उल्लेख नाही आणि बी असेल तर या औषधाने तो उसळतो.

म्हादईकाठ

हिपॅटायटिसच्या दोन्ही तपासण्या झाल्या आहेत आणि निगेटिव्ह आहेत, मी लिहायला विसरले. शनिवारची सूचना भावाला फोनवर सांगितली. त्याच्या खोलीपासून क्लिनिक चालत दहा मिनिटांवर आहे आणि हे आम्हाला सुचले नव्हते. पहिल्या इंजेक्शनाच्या दिवशी आई सकाळच्या बसने बेळगावला जाणार आहे. डोळ्याविषयीचा प्रश्न तिने मला एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावला असून तो कागद तिने गोळ्यांच्या पाकिटासोबत ठेवला आहे.